डिस्क एक, डिस्क दोन

संगप्पा तोंडारे उदगीरजवळच्या चार गावांचे पोस्टमन होते. सकाळी टपालाची थैली सायकलला अडकवून नळगीरच्या रस्त्याला लागायचे, ते दुपार कलल्यावर परत. लातूर वेगळा जिल्हा झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे त्र्याऐंशी साली, त्यांनी एक उद्योग सुरू केला. तो त्यांना कुणी सांगितला नव्हता आणि पोस्टातल्या कुणाला माहीतही नव्हता. सुताची लांब दोरी, तिच्या टोकाला गवंड्याचा ओळंबा. वाटेत लागणाऱ्या विहिरीत दोरी सोडायची, ओळंबा पाण्याला टेकला की दोरी चिमटीत धरायची आणि काठापासून पाणी किती फूट खाली आहे ते वहीत लिहायचं. दर अमावास्येच्या आठवड्यात चौसष्ट विहिरी. सुरुवातीला लोक हसले. मग सवयीचं झालं. एखाद्या महिन्यात उशीर झाला तर लोकच विचारायचे, "अप्पा, आमची मोजली न्हाई का अजून?"

वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. सगळा जीव त्या रकान्यात होता. 'आज विहिरीवर हळदीचा कार्यक्रम. मोजता आलं नाही. जेवून आलो.' 'मोट काढली, इंजिन बसवलं. म्हातारा रडला.' 'उत्तरेच्या अंगाला नवा झरा. चव गोड.' 'शेजारी बोअर पाडलं, एकशेऐंशी फूट. बघू.' सहा महिन्यांनी त्याच विहिरीपुढे, 'आटली.' किल्लारीच्या भूकंपानंतर दोन दिवसांनी त्यांनी अठरा विहिरी फिरून पाहिल्या होत्या. 'पाणी चार फूट वर. रंग दुधासारखा. कुणी पीत नाही.' अशा तेहेतीस वर्षांच्या नोंदी होत्या.

निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या मुलानं, वीरण्णानं, घरात कंप्युटर आणला. वीरण्णा लातूरला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला. रविवारी घरी यायचा. त्याची बायको सिंधु उदगीरमध्येच एका कंप्युटर क्लासमध्ये शिकवायची. सासूबाई, दानम्मा, गेल्यानंतर घरात सासरा आणि सून अशी दोघंच राहिली. बोलायला विषय नसायचा. एक दिवस सिंधूनं वहीतलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि म्हणाली, "अप्पा, हे मी टाइप करू का?"

"कशाला खामखा तरास."

"त्रास न्हाई. तुम्ही वाचा, मी मारते."

चार वर्षं ते चाललं. रोज संध्याकाळी तासभर. अप्पा चष्मा नाकावर घेऊन वाचायचे, मधेच थांबून त्या विहिरीच्या मालकाची सगळी कुळकथा सांगायचे, आणि सिंधु ती पण शेऱ्यात घालायची. पंचवीस हजारांच्या वर ओळी झाल्या. नंतर तिनं त्यांच्याबरोबर स्कूटीवर जाऊन प्रत्येक विहिरीचा आणि तिच्या माणसांचा फोटो काढला. फोटो वर्षावर्षानं वाढत गेले. वह्या तिनं बांधून माळ्यावर ठेवल्या. पंधरा साली दिवाळीच्या साफसफाईत खाली काढल्या तेव्हा हातात नुसते पुठ्ठे आले. आतलं सगळं वाळवीनं खाल्लं होतं. अप्पा बराच वेळ पुठ्ठे हातात धरून बसले. मग म्हणाले, "बरं झालं तू टाइप केलंस माय. न्हाईतर गेलंच असतं."

तेव्हाच दुसरी प्रत काढायला हवी होती. सिंधु क्लासमध्ये मुलांना दर बॅचला तेच सांगायची. घरी मात्र ते या रविवारचं पुढच्या रविवारवर जात राहिलं.

सोळा सालचा उन्हाळा आला तो कसा होता, ते त्या भागातल्या माणसाला सांगायला नको. उदगीरला नळ वीस-वीस दिवस यायचा नाही. लातूरला तर रेल्वेनं पाणी आलं. वीरण्णा ती गाडी बघून आला आणि जेवताना म्हणाला, "पन्नास डबे. बायका हात जोडत होत्या गाडीला." अप्पांच्या चौसष्टपैकी एकसष्ट विहिरी कोरड्या होत्या. तरी ते मार्चची अमावास्या फिरून आले होते. नागम्मा नावाच्या म्हातारीच्या विहिरीत त्यांनी ओळंबा सोडला तर तो तळाच्या दगडावर वाजला. म्हातारी काठावरून म्हणाली, "नीर इल्ला रे अप्पा. पाणीच न्हाई, काय मोजायलास?" आणि अप्पांनी शेऱ्यात तेच लिहायला सांगितलं, तिच्या शब्दांत.

त्याच दिवसांत उदगीर वेगळा जिल्हा व्हावा ही मागणी पुन्हा जोरात होती. कृती समितीचे किशनराव, पेशानं वकील, एका संध्याकाळी घरी आले. त्यांना कुणीतरी वेड्या पोस्टमनबद्दल सांगितलं होतं. सिंधूनं पडद्यावर एक विहीर उघडून दाखवली. किशनराव वाचत गेले, पुढची विहीर उघडायला सांगितली, मग तिसरी. चहा गार झाला.

"अप्पा, एक मे ला लातूरला बैठक हाय," ते म्हणाले. "मोठे अधिकारी येणार. सगळे भाषण करणार, आमच्यावर अन्याय झाला म्हणून. ते कोण ऐकतंय? पण हे ठेवलं ना समोर, की बघा, लातूर जिल्हा झाला तेव्हा आमच्या विहिरीत इतकं पाणी होतं आणि आता इतकं. ह्याला उत्तर न्हाई कुणाकडं."

"माझं हे कामाला येईल?" अप्पांनी विचारलं.

"येईल म्हणजे काय! ह्याच्याशिवाय जाणारच न्हाई मी."

ते गेल्यावर अप्पांनी न सांगता नवा सदरा पेटीतून काढून उन्हात टाकला. बैठकीला अजून तीन आठवडे होते.

चार दिवसांनी कंप्युटर सुरू होईना. आतून टिक टिक असा आवाज यायला लागला. सिंधूनं तो दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदारानं कान लावला आणि म्हणाला, "मॅडम, डिस्क जायच्या मार्गाला हाय. एकेक फाइल उघडत बसू नका, तिला झेपणार न्हाई. एकदाच सगळ्या डिस्कची जशीच्या तशी कॉपी घ्या. तेवढं काढील ती." त्यानं जुनी डिस्क बाहेर काढून एका काळ्या डबीत बसवून दिली, वायर लावून. सिंधूनं तेवढ्याच आकाराची, त्याच बनावटीची नवी डिस्क घेतली. तीही काळ्याच डबीत. सारखी असली की गडबड होणार नाही, असं तिला वाटलं. जुन्या डबीवर तिनं पांढरी चिकटपट्टी लावली.

शनिवार होता, क्लासला सुट्टी. सकाळी दहाच्या सुमारास तिनं पुढच्या खोलीत लॅपटॉप मांडला. आधी जुनी डबी जोडली, मग नवी. कॉपी करायचं सॉफ्टवेअर उघडलं. डावीकडं 'कुठून', उजवीकडं 'कुठं'. खाली यादीत दोन नावं, अक्षरन् अक्षर सारखी, आकार सारखा. फरक एवढाच, एक 'डिस्क एक' आणि दुसरी 'डिस्क दोन'. चिकटपट्टी पडद्यावर काही दिसत नव्हती.

"ह्यातली आपली कोणती?" अप्पा मागं खुर्ची ओढून बसले होते.

"थांबा, बघू." तिनं जुन्या डबीची वायर ओढली. यादीतून डिस्क एक गेली. परत जोडली, डिस्क एक परत आली. "एक नंबर जुनी. दोन नंबर नवी." तिनं चिठ्ठीवर लिहिलं, 'डिस्क १ = जुनी. डिस्क २ = नवी.' आणि चिठ्ठी लॅपटॉपच्या कोपऱ्याला चिकटवली. क्लासमध्ये शिकवतात तसं, अगदी शिस्तीत.

तेवढ्यात गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला. चौथ्या दिवशी आला होता. सिंधु घागरी आणि पाइप घेऊन पळाली. गर्दी होती, भांडणं झाली, एका बाईची घागर फुटली. अर्ध्या तासानं ती परत आली तेव्हा साडीचा पदर ओला होता आणि कोपर खरचटलं होतं. लॅपटॉप पहिल्या जागी नव्हता. अप्पांनी तो आतल्या खोलीत, इन्व्हर्टरच्या बोर्डाजवळ मांडला होता.

"लाइट गेली तर मधेच बंद पडायचं," ते म्हणाले. "तुझी बॅटरी बसलेली हाय म्हणलीस ना. वायर काढली तसा तो बंदच पडला. मग मी चालू केला परत. दोन्ही डब्या जोडल्या."

"लई बरं केलंत अप्पा," सिंधु म्हणाली. तिला खरंच तसं वाटलं. हे तिला सुचलं नव्हतं.

तिनं हात पुसले, सॉफ्टवेअर परत उघडलं, चिठ्ठी पाहिली. 'कुठून' मध्ये डिस्क एक घातली. 'कुठं' मध्ये डिस्क दोन. दुकानदारानं सांगितल्याप्रमाणे 'रिकाम्या जागेसह पूर्ण कॉपी' या चौकटीत खूण केली, म्हणजे काहीच मागं राहायला नको. पडद्यावर लाल अक्षरांत इशारा आला. तिनं तो अप्पांना मराठीत सांगितला. "विचारतंय, दोन नंबरवरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का."

"नवीवर हाय काय पुसायला?"

"काहीच न्हाई." तिनं 'हो' दाबलं.

हिरवी पट्टी हळूहळू सरकायला लागली. एक टक्का. दोन टक्के. पाच तास लागतील असं खाली लिहून आलं. अप्पा तिथून हलले नाहीत. ताट तिथंच घेतलं. दर थोड्या वेळानं ते आकडा मोठ्यानं वाचायचे, विहिरीचा आकडा वाचायचे तसा. "एकतीस झाले." "चव्वेचाळीस." त्या उन्हाळ्यात दिवसातून सहा सहा तास लाइट जायची. त्या दिवशी एकदाही गेली नाही. लाइट नाही तर लॅपटॉप तरी बंद पडायचा, वायर तरी निसटायची, काहीतरी व्हायला हवं होतं. काही झालं नाही. दुपारी साडेतीनला पट्टी भरली आणि पडद्यावर आलं, काम यशस्वीरीत्या पूर्ण.

"झालं?" अप्पा म्हणाले.

"झालं."

सिंधूनं नवी डिस्क उघडली. रिकामी. तिला वाटलं, उघडायला चुकलं. जुनी उघडली. ती पण रिकामी. तिनं दोन्ही वायरी काढल्या, परत लावल्या. लॅपटॉप बंद केला, चालू केला. अप्पा तिच्या हातांकडं बघत होते. तिचे हात थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, "दिसंना का?"

"बघते," ती म्हणाली. "थांबा जरा, बघते."

तिला त्याच क्षणी कळलं होतं. कंप्युटर नंबर देतो तो जोडण्याच्या क्रमानं. तिनं जुनी आधी जोडली होती म्हणून ती एक नंबर झाली. अप्पांनी आतल्या खोलीत नवी आधी जोडली, मग जुनी. चिठ्ठी सकाळची होती. कोऱ्या डिस्कवरचा कोरेपणा पाच तास बसून इंच इंच जुनीवर उतरला होता, आणि दोघं समोर बसून त्याचे टक्के मोजत होते.

ती मोरीत गेली आणि दार लावून घेतलं. तोंडावर मारायला पाणी घेतलं आणि परत बादलीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी रविवारी वीरण्णा आला. त्याला कळलं तेव्हा त्याचा आवाज चढला. "दुनियेला शिकवतेस आणि घरातलं एक काम धड जमत न्हाई? निवडताना डोळे कुठं होते?"

"चुकलं माझं," सिंधु म्हणाली.

"चुकलं म्हणजे! त्यांची तेहेतीस वर्षं—"

"वीरण्णा," अप्पा ओसरीवरून म्हणाले. "तिला बोलू नको. डब्या मी हलवल्या." मग ते आत आले आणि सिंधूसमोर उभे राहिले. "मला एक सांग. ते कंप्युटर कसं ठरवतंय, एक नंबर कोण आणि दोन नंबर कोण?"

सिंधु त्यांच्याकडं न बघता म्हणाली, "ते डिस्कच्या आतच लिहिलेलं असतंय अप्पा. तुम्ही कशाही जोडल्या असत्या तरी तेच. मी निवडताना उलटं निवडलं."

"वायरीचा काही संबंध न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

अप्पा दाराकडं वळले. "बरं," म्हणाले आणि बाहेर गेले. त्यांना पटलं की नाही, हे तिला तेव्हा समजलं नाही आणि पुढंही कधी समजलं नाही.

सोमवारी ती पहिल्या एसटीनं नांदेडला गेली. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिची मावसबहीण गौरा लॅबमध्ये कामाला होती. गौरानं डिस्क तिच्या मशीनला लावली आणि एक पडदा उघडला. त्यावर नुसती शून्यं होती. गौरानं खाली, खूप खाली नेलं. शून्यं. मधला भाग उघडला. शून्यं. शेवट उघडला.

"नुसतं पुसलं असतं ना, तर काढता आलं असतं," गौरा म्हणाली. "पुसलं म्हणजे पाटीवरचं नाव जातंय फक्त. हे तसं न्हाई सिंधु, जुन्या अक्षरांवर जागोजाग शून्य लिहिलं गेलंय. तू पूर्ण कॉपीची खूण केली होतीस का?"

"हो. काही राहू नये म्हणून."

गौरानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "हैदराबादला नेलंस तरी हेच सांगतील. जाऊ नको."

खिडकीतून विष्णुपुरीच्या धरणाचा कोरडा काठ दिसत होता. तळाला ट्रॅक्टर फिरत होते, गाळ काढायला. सिंधूनं डिस्क रुमालात गुंडाळली आणि परतीची एसटी धरली. मुखेडपर्यंत उभं राहून आली.

घरी येईपर्यंत तिनं एक गोष्ट ठरवली होती. "अप्पा, आठवेल तेवढं परत लिहू. तुम्हाला सगळं पाठ हाय. आकडे जाऊ द्या. शेरे सांगा."

पहिल्या संध्याकाळी अप्पांनी अकरा विहिरींचं सांगितलं. सिंधूला आशा वाटली. दुसऱ्या संध्याकाळी ते म्हणाले, "नागम्माच्या विहिरीत उत्तरेला नवा झरा लागला. अठ्ठ्याऐंशी साल." सिंधु टाइप करता करता थांबली. काल हाच झरा त्यांनी शंकरप्पाच्या विहिरीत सांगितला होता. तिनं हळूच विचारलं. अप्पांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत राहिले, चारही गावांच्या वाटेनं जात असल्यासारखे. मग त्यांनी डोळे उघडले.

"कुणाची होती गं ती?"

"मला पण नक्की आठवंना अप्पा."

"दानम्मा असती तर सांगितली असती. तिला मी रोज घरी येऊन सांगायचो." ते उठले. "राहू दे. खोटं लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं."

एक मे ला ते लातूरला गेले. सिंधु नको म्हणत होती, शेवटी तीही बरोबर गेली. अप्पांनी नवा सदरा घातला होता. नोंदी गेल्याचं किशनरावांना आधीच फोनवर सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "तरी या. तोंडी सांगा." बैठकीत भाषणांना वेळ लागला. शेवटी अप्पांचं नाव पुकारलं. ते माइकजवळ गेले आणि म्हणाले, "त्र्याऐंशी साली पौष अमावास्येला आमच्या वाटेवरच्या विहिरीत पाणी सरासरी चौदा फुटांवर होतं. ह्या साली विहिरीला तळ हाय, पाणी न्हाई."

समोरच्या टेबलावरचे एक गृहस्थ अगदी सौजन्यानं म्हणाले, "काका, याची काही नोंद, कागद?"

"होता," अप्पा म्हणाले.

"मग तो किशनरावांकडं द्या."

अप्पा माइकजवळ तसेच उभे राहिले. कुणीतरी टाळी वाजवली, बाकीच्यांनी वाजवली, आणि त्या टाळ्यांत ते खाली येऊन बसले. परतीच्या गाडीत त्यांनी सिंधूला विचारलं, "चौदाच होतं ना? का सोळा?"

"चौदा," ती म्हणाली. तिलाही माहीत नव्हतं.

जिल्हा झाला नाही. किशनरावांचा फोन पुढं आला नाही, त्यात त्यांचाही काही दोष नव्हता. सिंधूनं क्लासमध्ये शिकवणं चालू ठेवलं, फक्त कॉपी काढण्याचा धडा आला की ती दुसऱ्या मॅडमना वर्गावर पाठवायची. घरात संध्याकाळचा तो तास तसाच उरला. अप्पा तिच्याशी पहिल्यापेक्षा जास्त गोडीनं बोलायचे. जेवण छान झालं म्हणायचे. पाणी आणायला जाऊ नको, मी जातो म्हणायचे. विहिरींचं नाव मात्र त्यांनी काढलं नाही, आणि तिलाही ते काढता आलं नाही. कधीकधी तिला वाटायचं, सांगून टाकावं, वायरी तुमच्या हातून उलट्या लागल्या. निदान दोघांना मिळून रडता तरी आलं असतं. पण सत्तरीला आलेल्या माणसाच्या पदरात हे टाकायचं कसं, म्हणून ती गप्प राहायची.

सप्टेंबरात पाऊस झाला. एवढा झाला की पूल पाण्याखाली गेले आणि चार महिन्यांपूर्वी घागरीसाठी भांडलेले लोक पूर बघायला छत्र्या घेऊन निघाले. दुष्काळ संपला असं सगळेच म्हणायला लागले. त्या महिन्याच्या अमावास्येला सकाळी अप्पांचा फोन वाजला. सिंधु भाजी निवडत होती. फोनमधला आवाज तिला बसल्या जागी ऐकू येत होता. नागम्माचा मुलगा होता, आनंदानं ओरडत होता. "अप्पा, पाणी काठाला आलंय! पायरीवर बसून हात धुवायलाव आम्ही! म्हातारी म्हणतीय, मोजायला या लवकर."

"वा," अप्पा म्हणाले. "लई छान झालं."

"मग येताव ना? आजच अमावास्या हाय."

अप्पांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "आज जमंना गेलं बाळा," ते म्हणाले. "आज जरा काम हाय."

फोन ठेवून ते खुर्चीत बसले. सिंधूनं भाजीचं ताट बाजूला सरकवलं. "मी स्कूटी काढू का अप्पा?"

"कुठं जायला?" त्यांनी विचारलं. त्यात राग नव्हता. मग ते म्हणाले, "मेथी स्वस्त झाली का गं आता?"

"झाली," सिंधु म्हणाली, आणि ताट परत पुढं ओढून घेतलं.